विमान एकच, पण परतणं दोघांचं वेगवेगळं

पत्र थोडक्यात : मूळच्या वास्कोच्या, सध्या आफ्रिकेतल्या मलावी देशात असलेल्या एका ६५ वर्षांच्या ताईंचं हे पत्र. त्या निवृत्त परिचारिका, यजमान ६९ वर्षांचे, बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. मराठी ख्रिस्ती कुटुंब. २०१९ साली आपल्या मंडळीच्या (चर्चच्या) पाठिंब्यावर दोघं दोन वर्षांसाठी म्हणून तिथल्या एका मिशन इस्पितळात सेवेला गेले आणि मुदत वाढत वाढत सहा वर्षांच्या वर गेली. ताई तिथल्या मुलींना नर्सिंग शिकवतात. यजमान जनरेटर, पाण्याचा पंप आणि वर्कशॉप सांभाळतात. आता एप्रिलअखेर परतायचं ठरलं आहे. यजमानांना आणखी दोन वर्षं हवीत. सामान आवरायचा विषय निघाला की ते उठून वर्कशॉपमध्ये जातात. ताईंना घरी यायचं आहे आणि तसं वाटण्याचीच त्यांना लाज वाटते. मुलगा पुण्यात, सूनबाईंचं पहिलं बाळंतपण जुलैत. "आता तुम्ही मोकळेच, वास्कोचं घर विकून पुण्याला या," असा मुलाचा आग्रह. इकडे मंडळीनं मे महिन्यात सत्कार आणि पाठोपाठ चार ठिकाणी साक्षीचे (अनुभव सांगण्याचे) कार्यक्रम ठरवूनही टाकलेत. ताई लिहितात : "लोकांना काय सांगू? फ्रेडी वादळानंतरचे दिवस अजून झोपेत येतात. पत्र्यावर पाऊस वाजला की मी उठून बसते. जे उभं केलं त्यातलं किती टिकेल ठाऊक नाही. यांना कसं समजावू? आणि देवाचं काम अर्धवट टाकून येतोय का आम्ही?"

ताई, सलाम.

"यांना कसं समजावू" इथूनच सुरुवात करते. तुमच्या यजमानांना मी भाऊ म्हणते, चालेल ना? भाऊ विषय टाळतात याला तुम्ही हट्ट म्हणता. मला तो हट्ट वाटत नाही. मलावीची बहुतेक वीज शिरे नदीवर तयार होते. २०२२ च्या जानेवारीत आना वादळाच्या पुरानं कापिचिराचं वीजकेंद्र निकामी केलं, तेव्हा तर तासन् तास अंधार असायचा. तुम्हीच लिहिलंय, आत टेबलावर बाळंतीण, दिवे गेलेले, आणि बाहेर भाऊ बनियनवर जनरेटरशी झटापट करताहेत. दिवे आले की आतून मुलींचा गलका ऐकू यायचा. आता सांगा, वास्कोत त्यांच्यासाठी असं काय आहे? व्हरांडा, सकाळचा पेपर, संध्याकाळी बायण्याच्या किनाऱ्यावर फेरी. निवृत्तीनंतरची तीन वर्षं त्यांनी हेच केलं होतं आणि म्हणूनच जायला ते तुमच्याआधी तयार झाले होते.

तुमचं तसं नाही. पुण्यात नातवंड येतंय, घर उघडायचंय, महिला मंडळाच्या बायका आतापासून फोन करताहेत. बाईला घरी परतल्यावर काम शोधावं लागत नाही, कामच तिचा पत्ता शोधत येतं. (हे सुख आहे की शिक्षा, त्यावर एक वेगळं सदर लिहावं लागेल.) त्यामुळे तुम्ही मनानं निम्म्या घरी पोचल्या आहात आणि भाऊ अजून तिथंच आहेत. त्यांना समजावून काही होणार नाही. त्यांना विचारा : तुमच्यामागून जनरेटर कोण सुरू करणार? तिथल्या दोन पोरांना हाताशी घेऊन शिकवलंय का? कोणता सुटा भाग कुठून मागवायचा, पंपाची मोटर कधी उघडायची, कोणता आवाज आला की मशीन लगेच बंद करायचं, हे कुठं लिहून ठेवलंय का? या प्रश्नांची उत्तरं द्यायची तर वर्कशॉपमध्येच जावं लागतं. तिथून त्यांना ओढून काढू नका, उरलेले महिने त्या कामाला लावा. एक दिवस असा येईल की दिवे जातील, भाऊ उठतील आणि ते पोचायच्या आत पोरांनी जनरेटर सुरू केलेला असेल. त्या रात्री ते गप्प गप्प असतील. असू द्या.

मुदतवाढीचा विचारही एकदा नीट करा, निव्वळ झटकून टाकू नका. सत्तरीच्या उंबरठ्यावर आणखी दोन वर्षं राहायचं तर दोघांची तब्येत तपासून डॉक्टरांनी काय सांगितलं, इस्पितळाला खरंच त्यांची गरज आहे की भिडेखातर ते "राहा" म्हणताहेत, आणि तुमची इच्छा नसताना त्यांनी राहिलेलं त्यांना तरी रुचेल का, हे तीन प्रश्न समोरासमोर बसून बोला. मधला मार्गही आहे. यावं, वर्षभर राहावं आणि मग वाटलं तर भाऊंनी दोन-तीन महिन्यांसाठी वर्कशॉपच्या कामापुरतं जाऊन यावं. अशा छोट्या मुदतीच्या फेऱ्या बऱ्याच मिशन संस्थांना चालतात. पण हे तिथं बसून कबूल करू नका. आल्यावर ठरवा.

आता तुमच्या लाजेबद्दल. मी तुमच्या धर्माची नाही, फोंड्याकडच्या देवळांत पालख्या बघत वाढलेली बाई आहे, तेव्हा काही चुकलं तर सांभाळून घ्या. पण गोव्यात राहणाऱ्या कुणाच्याही डोळ्यांसमोर मिशनरी म्हटलं की जी माणसं येतात, ती कोण? जुन्या गोव्यात ज्यांचं शव आहे ते फ्रान्सिस झेवियर मूळचे आजच्या स्पेनमधले, लिस्बनहून निघाले आणि १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर वारले. मराठीत ओवी लिहिणारे मूळचे इंग्लंडचे फादर स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले ते १६१९ ला इथंच वारले. आणि आपल्या बाणावलीचे जोसेफ वाझ १६८७ ला श्रीलंकेत गेले ते परत आलेच नाहीत, १७११ साली कँडीतच गेले. २०१५ मध्ये त्यांना संतपद मिळालं. तिघंही कॅथलिक, तुमच्या पंथाचे नव्हेत, पण खरा मिशनरी तिकडेच देह ठेवतो ही समजूत गोव्याच्या हवेत मुरलेली आहे. त्यात परतीचं तिकीट काढणारा माणूस आपोआप कमी भरतो.

वाझांच्याच गोष्टीत मला त्याहून मोलाची वाटणारी एक बाब आहे. ते श्रीलंकेत गेले तेव्हा सोबत दुसरा पाद्री नव्हता, पण मागून गोव्यातून त्यांच्या ओरेटरी या धर्मसंघाचे आणखी पाद्री त्यांच्या मदतीला जात राहिले. दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस त्यांतलेच. वाझ गेले तेव्हा काम चालवणारी माणसं तिथं होती. तुमच्या "किती टिकेल" या काळजीचा धागा इथं आहे. तुम्ही शिकवलेल्या मुली आज वॉर्डात ड्यूटी करताहेत ना? मग काम तुमच्या हातातून गेलं, टाकलं नाही गेलं.

आणि परतण्याला तुमच्या शास्त्रातच आधार आहे, माझ्यापेक्षा तुम्हाला तो जास्त ठाऊक असेल. प्रेषितांची कृत्ये, अध्याय १४. पौल आणि बर्णबा फेरी संपवून अंत्युखियाला परततात, जिथून त्यांना पाठवलं होतं त्या मंडळीला जमवून सगळी हकीकत सांगतात आणि मग तिथं शिष्यांबरोबर पुष्कळ दिवस राहतात. मला ते पुष्कळ दिवस राहणं फार आवडतं. सत्काराच्या चार कार्यक्रमांचा तिथं उल्लेख नाही. पुढच्याच अध्यायात या दोघांचं मार्कावरून असं भांडण होतं की ते वेगवेगळ्या वाटांनी निघून जातात. तेव्हा परतल्यावर तुमच्यात आणि भाऊंच्यात खटके उडाले तर घाबरून जाऊ नका, परंपरा मोठी आहे.

ते खटके उडणारच, म्हणून त्याबद्दल थोडं सांगते. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्या तारवट्यांची घरं आहेत, त्या घरांतल्या बायकांना परतण्याचं शास्त्र तोंडपाठ असतं. नवरा आला की पहिला आठवडा घरात फेस्त. रोज मासळी, रोज पाहुणे. दुसऱ्या आठवड्यात तो स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलायला लागतो. तिसऱ्या आठवड्यात, "तिकडे असं नसतं," सुरू होतं. चौथ्यात कुणीतरी रडतं. मग हळूहळू घर त्याला आणि तो घराला पुन्हा ओळखू लागतो. तुम्ही दोघं एकत्र गेलात, एकत्र येणार, म्हणून तुमच्या वाट्याला हे येणार नाही असं समजू नका. तुमच्या घरी तर दोघंही तारवटी, आणि दोघांचा वेग वेगळा. तुम्हाला पहिल्या महिन्यात बरं वाटेल आणि दिवाळी-नाताळाच्या सुमारास अचानक तिथल्या मुलींच्या आठवणीनं जीव कासावीस होईल. भाऊंचं कदाचित उलट. सुरुवातीला चिडचिड, सगळ्यांवर राग, वास्कोच्या रस्त्यांवर राग, मंडळीतल्या चर्चेच्या विषयांवर राग ("तिकडे लोकांना सलाईन मिळत नाही आणि हे पंख्याच्या रंगावरून भांडतात"), आणि नंतर हळूहळू रुळणं. एकाचं मन दुसऱ्याच्या घड्याळावर लावायला जाऊ नका.

याच कारणानं माझा एक आग्रह आहे. भारतात पाय ठेवल्यापासून निदान सहा महिने, जमलं तर वर्ष, न फिरवता येणारा एकही निर्णय घ्यायचा नाही. घर विकायचं नाही. नवीन पद, समिती, शाळा स्वीकारायची नाही. मलावीला परत जाण्याचा शब्द द्यायचा नाही आणि कधीच जाणार नाही असा शब्दही द्यायचा नाही.

घराचं तर मुळीच नाही. मुलाचा हेतू चांगला असेल, पण सहा वर्षांनी परतणाऱ्या माणसाला उतरायला स्वतःचा ओटा लागतो. पुण्याला जाऊन राहून बघा, सहा महिने, आठ महिने. नाही जमलं तर परतायला दार हवं. गोव्याचा कायदाही इथं तुमच्या बाजूनं आहे. लग्नाची नोंद गोव्यात झाली असेल आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर इथल्या नागरी कायद्यानुसार मालमत्ता नवराबायकोची समाईक असते आणि एकट्याच्या सहीनं घर विकता येत नाही. मुलाला हे सांगायची वेळ येऊ नये, पण तुम्हाला ठाऊक असावं. खात्रीसाठी एकदा वकिलाला कागद दाखवा.

मुलाच्या "मोकळेच आहात" या शब्दांनी तुम्हाला लागलं, हे पत्रात दिसतं. लागायलाच हवं. पण मला दुसरंच काही खटकलं. अख्ख्या पत्रात सूनबाईंचं एकही वाक्य नाही. तिला काय हवंय, कुणी विचारलं का? आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. तिच्या आईनं काही ठरवलंय का? ती नोकरी करत असेल आणि प्रसूती रजेचा कायदा तिच्या कंपनीला लागू असेल, तर पहिल्या बाळासाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. म्हणजे जुलैत बाळ झालं तरी ती साधारण नोव्हेंबर ते जानेवारीच्या दरम्यान कामावर जाईल. तुमच्या हातांची खरी गरज तेव्हा लागणार आहे. जुलैत पंधरा-वीस दिवस जाऊन यावं, बाळ बघावं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू द्यावेत, आणि मुक्कामाला जायचंच तर नाताळानंतर. मधले महिने तुमचे आणि भाऊंचे. असं वेळापत्रक मांडलंत तर मुलाला नाही म्हटल्यासारखंही होत नाही.

आता वादळाकडे येते. हे पत्रात तुम्ही एकाच ओळीत उरकलंय.

२०२३ च्या मार्चमध्ये फ्रेडीनं दक्षिण मलावीत हजाराहून जास्त माणसं नेली, मेलेली आणि कधीच न सापडलेली धरून. ब्लांटायरच्या डोंगरउतारावरची घरं झोपेत चिखलाखाली गेली. त्याच सुमाराला देशाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी कॉलऱ्याची साथ चालू होती, तीत १,७०० हून जास्त लोक दगावले. तुम्ही त्या वेळी वॉर्डात उभ्या होतात, भाऊ बाहेर पाण्याच्या टाक्या भरत होते. आणि आता येणार कुठं, तर वास्कोला, जिथं जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू होतो तो सप्टेंबरपर्यंत थांबायचं नाव घेत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तुमच्या गच्चीवर पत्र्याची शेड आहे, हे तुम्हीच लिहिलंय. ताई, पत्र्यावरच्या पावसानं उठून बसणं हे विश्वास कमी पडल्याचं लक्षण नाही. शरीर जे बघून आलंय ते ते विसरलेलं नाही, इतकंच. तुम्ही परिचारिका आहात, एखाद्या रुग्णानं हे सांगितलं असतं तर तुम्ही त्याला "प्रार्थना कर, बरं वाटेल" एवढंच सांगून घरी पाठवलं असतंत का?

निघायच्या आधी मिशनच्या कार्यालयात विचारा, परतणाऱ्यांसाठी समुपदेशनाची सोय आहे का. पुष्कळ संस्थांत असते, मागितली तर मिळते. गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची सरकारी संस्था आहे, आयपीएचबी. तिथं जायला कसला संकोच करू नका. आणि रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. पावसाळ्यात झोपायची खोली खालच्या मजल्यावर, पत्र्यापासून लांब घ्या. भाऊंनाही विचारा, त्यांना काय दिसतं. पुरुष माणूस पंपाचं सांगेल, पाण्याच्या टाकीचं सांगेल, पण त्या सांगण्यातच कुठंतरी ते येईल.

म्हणूनच मे महिन्यातला सत्कार मला पसंत नाही. पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) आत्ताच कळवा. आल्यानंतरच्या एका रविवारी उपासनेत दहा मिनिटं बोलू, आभार मानू. बाकीचं ऑक्टोबरनंतर. कारण म्हणून "तब्येत आणि घराची डागडुजी" एवढं पुरेसं आहे, ते खोटंही नाही. ज्या मंडळीनं सहा वर्षं पैसे पाठवले, तिचा हकीकत ऐकण्याचा हक्क मी नाकारत नाही. पण थकलेल्या माणसाकडून घाईघाईनं घेतलेली हकीकत फोटो दाखवण्यापुरतीच होते.

आणि सांगायचं काय? तुम्हाला भीती वाटते की खरं सांगितलं तर देणारे हिरमुसतील. मला उलटं वाटतं. मंडळीतल्या लोकांनाही आयुष्य आहे, त्यांचीही पोरं दारू पितात, कर्जं बुडतात, आजारी माणसं प्रार्थना करूनही जातात. व्यासपीठावरून सगळं यशस्वीच ऐकलं की ते टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. पण तुम्ही म्हणालात की कॉलऱ्याच्या एका रात्री आमच्या हातून अमुक इतकी माणसं गेली आणि दुसऱ्या दिवशी त्याच वॉर्डात आमच्या विद्यार्थिनीनं पहिल्यांदा एकटीनं शीर पकडली, तर ते लक्षात ठेवतील. रुग्णांची नावं मात्र कुठंही घेऊ नका, फोटोही दाखवू नका. त्यांनी कुणी वास्कोच्या मंडळीसाठी फोटो काढून घेतलेले नाहीत. रस्त्यात भेटणाऱ्यासाठी एका मिनिटाचं उत्तर तयार ठेवा, उपासनेसाठी दहा मिनिटांचं, आणि सगळं सांगण्यासाठी दोन-तीन माणसं शोधा, जी चहा थंड झाला तरी उठणार नाहीत. बहुतेकांना एका मिनिटाचंच उत्तर हवं असतं. याचा राग येईल, तो यायचाच.

निरोप तिथं कसा घेता, यावर इथलं येणं बरंच अवलंबून असतं. तारीख लपवू नका. "बघू, कदाचित येऊ" असं म्हणून निसटणारे पाहुणे कुणालाच आवडत नाहीत. कुणाशी बोलणं तुटलं असेल तर आत्ता जाऊन भेटा. उसने पैसे, उधार, गावातल्या दुकानाची वही, सगळं मिटवा. भांडीकुंडी, सायकल, शिलाई मशीन कुणाला काय द्यायचं ते यादी करून इस्पितळाच्या प्रमुखांना दाखवा; जाताजाता वाटलेल्या वस्तूंवरून मागं जी भांडणं होतात ती तुम्हाला ऐकूही येणार नाहीत, पण होतात. आणि एक कठीण गोष्ट. वास्कोला पोचल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येत राहतील : आगोगो (म्हणजे आजी), फी भरायची आहे, आगोगो, आईला शहरातल्या इस्पितळात न्यायचंय. "आजी" म्हणणाऱ्या पोरांना नाही म्हणणं सोपं नसतं. आत्ताच दोघांनी मिळून ठरवा की वर्षाला अमुक रक्कम देऊ, ती मिशनच्या मार्फतच जाईल आणि कुणाला द्यायची ते तिथली समिती ठरवेल. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायला गेलात तर पेन्शनही पुरणार नाही आणि मनही.

आता थोडा रुक्ष भाग, पण यातलं राहून गेलं तर पश्चात्ताप होतो.

तब्येत. मलावी सरोवरात किंवा तिथल्या नदी-ओढ्यांत कधी उतरला असाल (आणि सहा वर्षांत कोण उतरत नाही!) तर बिल्हार्झियाची तपासणी करून घ्या, शेवटचं पाण्यात उतरल्यावर तीन महिन्यांनी. गोगलगायींतून येणारा हा जंत कातडीतून शिरतो, भारतात सहसा आढळत नाही, त्यामुळे इथल्या डॉक्टरला आपणहून सुचणार नाही. नाव घेऊन सांगावं लागतं. औषध आहे आणि साधं आहे. परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला तर पहिलं वाक्य, "मी मलावीहून आलेय, मलेरिया तपासा." गोव्यात पावसाळ्यातल्या तापाला डेंग्यूच समजून बसतात, आणि आफ्रिकेतला फाल्सिपॅरम जातीचा मलेरिया दोन दिवसांत माणसाला आडवं करतो. विमान आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

विमा. सहा वर्षांत जुनी पॉलिसी बंद पडली असेल. २०२४ पासून विमा कंपन्यांनी सर्व वयांच्या लोकांसाठी आरोग्य विमा ठेवावा असा नियम आहे, आणि आधीच्या आजारांसाठीचा थांबण्याचा काळ जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, म्हणून जितकी लवकर घ्याल तितकी ती तीन वर्षं लवकर संपतील. भाऊंना सत्तर पूर्ण झाली की आयुष्मान योजनेत उत्पन्नाची अट न लावता वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. राज्याच्या दीनदयाळ योजनेचं जुनं कार्ड असेल तर ते चालू आहे की नाही, हे पहिल्या आठवड्यात विचारून घ्या.

कागद. सगळ्यात आधी मोबाइल नंबर, कारण आधार, बँक, पेन्शन सगळ्यांचा ओटीपी त्यावर येतो आणि बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते. बँकेला परतल्याचं कळवा, अनिवासी खाती निवासी करून घ्यावी लागतात. कराच्या बाबतीत ते वर्ष कसं धरायचं हे सीएला विचारा, दिवस मोजावे लागतात. मतदार यादीत नाव शोधा, गळालं असेल तर फॉर्म ६. भाऊंचं वाहन परवान्याचं काम आधी बघा. मुदत संपून वर्ष उलटलं असेल तर पुन्हा चाचणी द्यावी लागते आणि ६९ व्या वर्षी आठचा आकडा काढून दाखवणं त्यांना अपमानास्पद वाटणार आहे. आधी सांगून ठेवा.

घर. एप्रिलअखेर येताय हे उत्तम, पावसाआधी महिनाभर हातात आहे. त्यात पत्रे, गच्चीचे नळ, गटार आणि वाळवी एवढंच बघा. रंगरंगोटी दिवाळीनंतर. सहा पावसाळे बंद राहिलेल्या घरातल्या गाद्या फेकाव्याच लागतील, मनाची तयारी ठेवा. पहिले चार-पाच दिवस कुणाच्या तरी घरी उतरा. ही डागडुजी म्हणजे भाऊंसाठी औषध आहे, तेव्हा मुलानं पुण्याहून कंत्राटदार पाठवायची तयारी दाखवली तर नको म्हणा. मे महिन्यात पुरुमेंताच्या फेरीत, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या बाजारात, कोकमं, सुक्या मिरच्या, सुकी मासळी भरून घ्या. दोघं मिळून जा. आणि तिकीट काढताना मुंबईहून दाबोळीचं मिळतंय का बघा. तुम्ही गेलात तेव्हा मोपाचा विमानतळ नव्हता. आता स्वस्त म्हणून तिथलं तिकीट घ्याल आणि पहाटे पेडण्याहून वास्कोपर्यंत टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत बसाल.

आखातातून, जहाजावरून, मुलांकडून परदेशातून परतणारे जे वाचक हे वाचताहेत, त्यांना बिल्हार्झिया सोडला तर बाकीचं बहुतेक लागू पडेल. त्यांनी विशेषतः नवराबायकोच्या वेगवेगळ्या वेगाचं लक्षात ठेवावं.

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, आधी कुणाशी बोलू, यांच्याशी, पाळकांशी की मुलाशी. भाऊंशी, आणि घरात बसून नको, वर्कशॉपमध्ये जाऊन, त्यांच्या हातात पाना असताना. त्यानंतर पाळकांना चार ओळींचं पत्र दोघांच्या सहीनं. मुलाला फोन सगळ्यात शेवटी, आणि तो स्पीकरवर ठेवायला सांगा, म्हणजे सूनबाईंचंही ऐकता येईल.